हुकमी चढाईपटूला बाहेर बसवण्याचं गणित

भातकापणी उरकली, की पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात गावोगावी मैदानं आखली जातात. ढेकळं फोडून जमीन सपाट करायची, पाणी मारून माती बसवायची, फक्कीच्या रेषा ओढायच्या, चार खांबांवर दिवे चढवायचे, आणि रात्री उशिरापर्यंत सामने चालवायचे. विमानतळाने आणि टॉवरांनी पनवेल तालुक्यातली बरीच शेतं घेतली, तरी हा शिरस्ता मोडलेला नाही. रायगडला कबड्डीची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. या मैदानांच्या कडेला सामना सुरू होण्याआधीपासून एकच प्रश्न फिरत असतो: समोरच्या संघातल्या त्या एका गड्याला धरणार कोण? प्रत्येक चांगल्या संघात असा एक हुकमी चढाईपटू असतो. तो मध्यरेषा ओलांडतो आणि सात जणांच्या बचावाचा श्वास अडकतो. तो दोन गडी टिपून परत येतो, बाकीचे सहा जण फक्त त्याची साथ करतात, आणि प्रेक्षक असं धरून चालतात की याच्यापुढे बचावाला काही इलाज नाही. ही समजूत चुकीची आहे, असं मला वाटतं. हुकमी चढाईपटू थांबवता येतो. मात्र ज्याला आपण थांबवणं म्हणतो, म्हणजे त्याला झेपावून धरणं आणि मातीत लोळवणं, तो त्या कामाचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग पकडीनंतर सुरू होतो, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

आधी जागा पाहू, कारण सगळं तिच्यावर ठरतं. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं. दोन्ही बाजूंचं एक-एक मीटरचं राखीव क्षेत्र झटापट सुरू झाल्याशिवाय खेळात येत नाही, म्हणजे चढाईपटूला फिरायला रुंदीत 8 मीटर उरतात आणि खोलीत साडेसहा. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. गडी टिपला नाही तर ती ओलांडावीच लागते, नाहीतर चढाईपटू स्वतःच बाद. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत जेमतेम पावणेदोन मीटरची पट्टी. बचावाचे सात जण बहुतेक वेळ या पट्टीच्या आसपास अर्धवर्तुळात उभे असतात. आता परतीचं अंतर मोजा. निदान रेषेवर उभा असलेला चढाईपटू मध्यरेषेपासून पावणेचार मीटर दूर आहे. पण त्याला तिथपर्यंत चालत जायचं नसतं, त्याच्या हाताचं बोट त्या रेषेला लागलं तरी पुरतं. एक लांब ढांग आणि आडवं झेपावलेलं शरीर, की अंतर संपलं. त्यामुळे निदान रेषेवर त्याच्या अंगावर धावून जाणं हा बचावाचा तोट्याचा सौदा असतो: त्याचा परतीचा रस्ता लहान, आणि पुढे सरसावलेला गडी त्याच्या हाताच्या टप्प्यात. पकड करायची तर त्याला खोल येऊ द्यावं लागतं. बोनसच्या मोहाने तो आणखी एक मीटर आत आला, की परतीचं अंतर पावणेपाच मीटर होतं आणि मधल्या जागेत त्याला कापायला माणसं मिळतात. ज्याला अडवायचं त्याला आधी घरात बोलवायचं, हे या खेळातलं मूळ कोडं आहे. घाबरलेला बचाव नेमकं उलटं करतो.

घाबरलेल्या बचावाचं काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण 2017 सालच्या प्रो कबड्डी लीगमध्ये दिसलं. पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने त्या मोसमात 26 सामन्यांत चढाईचे 369 गुण घेतले, सामन्यामागे चौदाहून अधिक. हरयाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने एकट्याने 34 गुण मिळवले, त्यातले 8 एकाच चढाईत, आणि पाटण्याने तो सामना 69-30 असा जिंकला. प्रदीपचं हत्यार डुबकी. बचावाचे दोघे-तिघे हातात हात घालून साखळी करून अंगावर आले, की साखळीचे हात कमरेच्या आणि छातीच्या मधल्या उंचीवर येतात. प्रदीप नेमका त्या क्षणी गुडघ्यात वाकतो, डोकं आणि खांदे हातांच्या खालून काढतो आणि पलीकडे सरळ होतो. ज्यांनी त्याला स्पर्श केला ते सगळे बाद. इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. डुबकी चढाईपटूच्या चपळाईवर जितकी चालते, तितकीच बचावाच्या उतावीळपणावर चालते. साखळी आली नाही, तर डुबकी मारायची कशाखालून? एका चढाईत एवढे गुण जातात तेव्हा एका माणसाने सगळ्यांना हरवलेलं असतंच, पण सगळ्यांनी एकाच वेळी हात घातलेलाही असतो. पहिला चुकला की दुसऱ्याने मागे सरायचं असतं. तो मागे सरत नाही, कारण त्याला वाटतं आता नाही तर कधीच नाही.

दुसरा प्रकार ताकदीचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई 2018 सालच्या मोसमात यू मुंबाकडून उतरला आणि पदार्पणातच चढाईचे 218 गुण घेऊन गेला. उंच, रुंद, लांब हातांचा. तो वाकून निसटत नाही, अंगाला लटकलेल्या गड्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. अशा गड्याची कमर धरायला एकटा गेला तर तो बचावपटूच फरफटत जातो. त्याचा इलाज खाली असतो, घोट्याशी. कोपऱ्यातल्या गड्याने बसक्या अंगाने त्याचा मागचा पाय घोट्यापाशी धरला, की त्याची सगळी ताकद एका पायावर येते, आणि एका पायावर उभ्या माणसाला किलोंचा काही उपयोग होत नाही. मग मध्यरक्षकाने समोरून आडवं यायचं आणि परतीची वाट बुजवायची. क्रम महत्त्वाचा: आधी घोटा, मग अंग. कल्याणकडच्या गिरीश इर्नाकसारख्या डाव्या कोपऱ्याच्या गड्यांनी महाराष्ट्राला आणि भारतालाही हे वर्षानुवर्षं दाखवलं आहे. प्रेक्षकांना दिसते ती समोरची जोरकस धडक. सामना जिंकून देतो तो कोपऱ्यात दबा धरून बसलेला, तीस सेकंदांतले अठ्ठावीस सेकंद काहीही न करणारा माणूस.

या संयमाची सर्वांत कडक परीक्षा 2018 च्या ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत झाली, आणि दुर्दैवाने आपण तिच्या चुकीच्या बाजूला होतो. 1990 साली बीजिंगमध्ये कबड्डी आली तेव्हापासून पुरुषांचं प्रत्येक सुवर्णपदक भारताचं होतं. जकार्ताच्या संघात अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, मोनू गोयत आणि मुंबईचा रिशांक देवाडिगा असे चढाईपटू होते. एका संघात याहून जास्त नावं बसवणं अवघड. उपान्त्य सामन्यात इराणने भारताला 27-18 असं हरवलं. 40 मिनिटांत, सगळ्या मार्गांनी मिळून, 18 गुण. ज्या फझल अत्राचलीने आणि त्याच्या सोबत्यांनी हे केलं ते कुस्तीच्या देशातून आलेले होते, हे खरं. पण त्यांचं वेगळेपण नुसत्या मनगटात नव्हतं. ते आधी हात घालत नव्हते. आणि याच स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असं हरवलं, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. भारतीय चढाईचा स्वभाव आतून ओळखणाऱ्या मराठी बाईंनी परक्या देशातल्या मुलींना तिच्यावरचा उतारा शिकवला. आपल्या हरण्याचं दुःख बाजूला ठेवून पाहिलं, तर या खेळाच्या इतिहासात मला यापेक्षा अभिमानाची गोष्ट सहसा सापडत नाही.

इथपर्यंतचं कुणीही जाणता प्रशिक्षक सांगेल. पण समजा पकड झाली, हुकमी गडी बाद झाला. तरी एकच गुण मिळाला. मागच्या दोन चढायांत त्याने चार नेलेले असतील, तर हिशोब काय? इथे कबड्डीच्या नियमातली एक गोष्ट येते, जी जगातल्या फार थोड्या खेळांत आहे. ती कळायला एक उलटं उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचं आपल्याकडच्या क्रिकेटइतकं वेड आहे. तिथेही नेमका हाच वाद होतो: चेंडू काखोटीला मारून धावणाऱ्या हुकमी गड्याला, रनिंग बॅकला, बचाव थांबवू शकतो का? 1988 साली ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने एका मोसमात 2,628 यार्डांची धाव काढली. पण त्या खेळात त्याला अकरा जणांनी मिळून आडवा पाडला, तरी पुढच्या डावाला तो उठून पुन्हा त्याच जागी उभा. पाडणं म्हणजे फक्त तेवढा डाव संपवणं. कबड्डीत धरलेला गडी मैदानाबाहेर जाऊन बसतो. त्याच्या जागी राखीव गडी उतरवता येत नाही. त्याच्या संघाने गडी टिपून किंवा पकड करून गुण मिळवला तरच बाहेरचा एक जण आत येतो, आणि येतो तोही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. म्हणजे पकडीचा गुण ही निव्वळ हातची रक्कम. खरी कमाई आहे तो गडी जितकी मिनिटं बाहेर बसेल ती.

जुन्या खेळाकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. नियम एकसारखे होण्याआधी आपल्याकडे हुतूतू-कबड्डीचे तीन प्रकार चालत. अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, नुसता गुण मोजला जाई. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेरच. संजीवनीत संघाने गुण मिळवला की बाहेरचा गडी जिवंत होऊन परते. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने आली आहे. आता विचार करा, अमरच्या नियमाने खेळलं तर हुकमी चढाईपटूला थांबवणं जवळजवळ अशक्य. बॅरी सँडर्ससारखा तो पुन्हा पुन्हा येणार. गामिनीत त्याला एकदा धरलं की काम झालं. संजीवनीत उत्तर या दोहोंच्या मधे आहे, आणि ते मधे नेमकं कुठे पडेल हे दोन्ही संघांच्या शहाणपणावर आहे. हुकमी चढाईपटू थांबवता येतो का, या प्रश्नाचं उत्तर खेळाडूइतकंच नियमपुस्तकात दडलेलं आहे.

मिनिटांचा हिशोब साध्या आकड्यांत करून बघू. समजा एक चढाईपटू पूर्ण 40 मिनिटं आत राहिला तर 20 चढाया करतो आणि दर दहा चढायांमागे 7 गुण घेतो. सामन्यात त्याचे 14 गुण होतील, प्रदीपच्या त्या मोसमाच्या सरासरीइतके. आता बचावाने त्याच्या चढाईची धार जराही कमी केली नाही असं धरू. फक्त दोन-तीन पकडींनंतर त्याला मिळून पंधरा मिनिटं बाहेर बसवलं. चढाया उरल्या साडेबाराच्या आसपास आणि गुण 9 च्या आत. पाच गुणांचा फरक, तोही त्याच्यावर एकही नवी युक्ती न चालवता. बरोबरीच्या संघांत कितीतरी सामने याहून कमी फरकाने सुटतात. त्याला बाहेर ठेवायचं कसं, हे पुन्हा क्रमाच्या नियमात आहे. पहिल्याच चढाईत, सगळे सात आत असताना त्याला धरला, की गावभर टाळ्या पडतात. पण त्याच्या संघाने एक गुण घेतला की तो परत. उलट त्याच्या आधी दोन गडी बाहेर बसलेले असताना त्याला धरला, तर तो रांगेत तिसरा. त्याच्या संघाला तीन गडी जिवंत करावे लागतील, तेव्हा त्याचा नंबर. बोनसच्या गुणावर कुणी जिवंत होत नाही. म्हणून हुकमी गड्याला थांबवायची तयारी खरं तर त्याच्या साथीदारांवर चढाई करून सुरू होते: आधी त्याचे कोपरे उचला, मग त्याला.

आणि म्हणूनच मला वाटतं, त्याला थांबवण्याचं अर्धं काम बचावपटूंचं नसून आपल्या चढाईपटूंचं आहे. तो बाहेर बसलेला असताना आपला चढाईपटू उगाच धाडस करून पकडला गेला, तर त्याने एक गुणच दिला असं नाही, त्याने रांग पुढे सरकवली. अशा वेळी निदान रेषा ओलांडून, कुणालाही न टिपता, कुणाच्याही हाताला न लागता तीस सेकंद काढून परत येणं ही मोलाची चढाई आहे. तिला कुणी टाळी वाजवत नाही. मैदानाच्या कडेने ओरडा होतो, ‘अरे, टिप की कुणाला तरी!’ पण त्या रिकाम्या चढाईने घड्याळाचं अर्धं मिनिट खाल्लेलं असतं आणि समोरचा वाघ बाकावर बसून राहिलेला असतो. मर्यादा एवढीच, की व्यावसायिक लीगमध्ये आणि आता इतर अनेक स्पर्धांतही लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हाच नियम हुकमी गड्यालाही लागू आहे, आणि बचावाच्या हातातलं ते दुसरं शस्त्र आहे. त्याच्या दोन साथीदारांना रिकामं परत पाठवलं, की तिसऱ्या चढाईला बहुधा त्यालाच यावं लागतं, आणि गुण घ्यावाच लागतो. एरवी तो आपल्या वेळेने येतो, आपल्या जागेचा गडी निवडतो, जमलं नाही तर परत जातो. तिसऱ्या चढाईत हे स्वातंत्र्य गेलेलं असतं. सातही जणांना ठाऊक असतं की हा हात न लावता जाणार नाही. त्यांनी फक्त थांबायचं असतं.

यात एक विरोधाभास आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. समोरचे सगळे बाद केले की लोण, दोन जादा गुण. आणि लोणाबरोबर सातही जण, हुकमी गड्यासकट, एकदम जिवंत. म्हणजे पंधरा मिनिटांच्या मेहनतीने ज्याला बाहेर ठेवलं त्याला आपणच आत बोलावतो. शिवाय समोर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी आपल्या चढाईपटूला धरलं, तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण. माझ्या हिशोबाने, समोर चार-पाच गडी उभे आणि हुकमी गडी रांगेच्या शेवटी, ही आघाडीवर असलेल्या संघासाठी सर्वांत सोयीची अवस्था. सामना संपत आला असेल आणि आपण पुढे असू, तर तिथेच थांबावं. पूर्वार्धात मात्र लोण सोडण्याचा शहाणपणा कुणी करू नये, कारण दोन गुण हातचे आहेत आणि त्याला पुन्हा धरण्याला वेळही आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हे सगळं कागदावर ठीक, मैदानावर खरा हिरा बचाव फोडतोच. पुरावा म्हणून गुजरातचा संघ दाखवता येईल. 2017 च्या मोसमात फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी हे दोन इराणी कोपरे घेऊन गुजरात अंतिम फेरीत आला, आणि प्रदीपच्या पाटण्याने त्याला 55-38 असं हरवलं. पुढच्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, 5 जानेवारी 2019 ला मुंबईत, गुजरातच पुन्हा उभा होता आणि बंगळुरूच्या पवन सेहरावतने एकट्याने 22 गुण घेऊन सामना 38-33 असा खेचून नेला. दोन वर्षं, नावाजलेला बचाव, दोन हुकमी चढाईपटू, दोन पराभव. हे उदाहरण मी टाळणार नाही. पण ते काय सिद्ध करतं हे नीट पाहिलं पाहिजे. एका रात्री असा गडी काहीही करू शकतो, हे त्यातून दिसतं, आणि ते मला मान्य आहे. तो नेहमीच करतो, हे दिसत नाही. त्याच पवनने 2019 च्या मोसमात 346 गुण घेतले, हरयाणाविरुद्ध एका सामन्यात तर 39. त्याचा संघ गुणतक्त्यात सहावा आला आणि उपान्त्य फेरीत दिल्लीकडून हरला. त्याच मोसमात प्रदीपने 302 गुण घेतले आणि पाटणा आठवं. सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाखांना घेतलं, त्याने 217 गुण दिले, आणि संघ बारांत अकरावा. विजेतेपद बंगाल वॉरियर्सने नेलं, तेही कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मनिंदर सिंग अंतिम सामन्यात नसताना. बॅरी सँडर्सच्या त्या विक्रमी वर्षातही त्याच्या कॉलेजने दोन सामने गमावले होते. चढाईपटूचे गुण थांबले नाहीत तरी त्याचा संघ थांबला, आणि शेवटी कप संघालाच मिळतो.

यावर कुणी म्हणेल, की मग तुम्ही प्रश्नच बदललात. गड्याला थांबवता येतं का हे विचारलं होतं, संघाला नव्हे. रास्त आहे. तर गड्याचंच बघू. 2024 च्या डिसेंबरमध्ये पुण्यात बालेवाडीला लीगचा अंतिम सामना झाला. पाटण्याकडे देवांक दलाल होता, त्या मोसमात 301 गुण घेऊन चढाईपटूंत पहिला. समोर हरयाणा, ज्याच्या कोपऱ्यांत मोहम्मदरेझा शादलू आणि राहुल सेतपाल. हरयाणाने सामना 32-23 असा जिंकला. मोसमभर बचाव फोडणाऱ्या देवांकसकट पाटण्याच्या सगळ्या संघाला मिळून 23 गुण. त्याच्या आधीच्या मोसमात पुणेरी पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा अंतिम सामना 28-25 असा सुटला होता. असलम इनामदारच्या त्या संघात एक हुकमी चढाईपटू नव्हताच. दोन-तीन जण वाटून चढाया करत आणि बचाव, ज्यात तेव्हा हाच शादलू होता, सामने आवळून धरत असे. 2017 पासून 2024 पर्यंतच्या अंतिम सामन्यांतले दोन्ही संघांचे मिळून गुण लिहून काढले, तर 93, 71, 73, 73, 62, 53, 55 असे येतात. अंतिम सामने जात्याच सावध खेळले जातात आणि सात सामन्यांवरून सिद्धान्त मांडायचा नसतो, हे मान्य. तरी रोख कुठे आहे ते दिसतं: बचावाने उत्तर शोधलं आहे. प्रदीपच्या डुबकीची चित्रफीत आता गावातल्या पोराच्या फोनमध्येही आहे. नवी युक्ती एक मोसम चालते, दुसऱ्या मोसमात तिच्यासाठी माणूस तयार असतो.

दुसरा आक्षेप नियमांचा. प्रेक्षकांना गुण हवे असतात, म्हणून बोनस, वेळेची मर्यादा, सगळं चढाईपटूच्या सोयीचं केलं, असं जुने खेळाडू म्हणतात. यात तथ्य कमी आहे. सहा किंवा सात बचावपटू आत असतील तरच बोनस मिळतो, म्हणजे बचाव भरलेला असतानाच चढाईपटूला ती सूट. उलट बचाव विरळ झाला की अव्वल पकडीचे दोन गुण, आणि तिसऱ्या चढाईची सक्ती, हे दोन्ही नियम बचावाच्या हिताचे आहेत. मात्र रेषांच्या नियमांत बचावाने बेसावध राहून चालत नाही. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना आठवा. 28-28 अशी बरोबरी, मिनिटभर उरलेलं, आणि पवन सेहरावतची तिसरी चढाई. पवन कुणालाही न टिपता राखीव क्षेत्रात गेला, आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही. कोण बाद, किती बाद, कोणता नियम लागू, यावरून खेळ तासभर थांबला. शेवटी भारत 33-29 असा जिंकला. जे इराणी गडी पाच वर्षांपूर्वी जकार्तात हात आवरून उभे होते, त्यांनी यावेळी एका रेषेपलीकडे पाय टाकला.

राहिली माती. मॅटवर बुटांना पकड मिळते, चढाईपटूला झटक्यात वळता येतं, आणि मातीवर वाढलेला बचाव तिथे अर्ध्या पावलाने मागे पडतो, अशी तक्रार आपल्याकडच्या संघांची असते. ती खरी आहे, पण तिचा इलाज सरावाच्या वेळापत्रकात आहे. पनवेल-पेणच्या मैदानांवर संध्याकाळी पोरं जमली, की बहुतेक वेळ चढाईत जातो. जो तो धावता हात, लांब लाथ, उडी घोटवतो, कारण बक्षीस समारंभात उत्कृष्ट चढाईच्या ट्रॉफीला टाळ्या जास्त पडतात. घोट्याची पकड एकट्याने घोटवता येत नाही. तिला रोज समोरून येणारा चढाईपटू लागतो, आणि डाव्या कोपऱ्याबरोबर वर्षभर तोच मध्यरक्षक लागतो, ज्याला बोलल्यावाचून कळतं की आता पाय हातात आला. रिकामी चढाई तर कुणीच घोटवत नाही. 15 जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. त्या दिवशी एखाद्या मंडळाने सरावाचा एकच डाव असा लावून पाहावा: समोरचा सर्वांत चांगला चढाईपटू बाद आहे, बाकावरच्या रांगेत तिसरा बसला आहे, घड्याळात सहा मिनिटं आहेत, आणि आपल्या संघाने फक्त एवढंच करायचं आहे की शिटी वाजेपर्यंत तो उठता कामा नये.